तांब्याच्या तारेपलीकडचे ग्रॅहॅम बेल

रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला खड्डा खणला जातो. भोवती अडथळे लावलेले, चार-सहा जणांच्या हातात कुदळ-फावडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटते, महापालिकेचे नाही तर टेलिफोनचे काम चालू असावे. पहाटेपूर्वी ही मंडळी खड्डा उघडाच टाकून पसार होतात आणि त्यांच्याबरोबर जमिनीखालची जाडजूड केबलही जाते. सकाळी आसपासच्या शेकडो घरांत, दुकानांत, दवाखान्यांत रिसीव्हर कानाला लावला तर सारे शांत! डायल टोन नाही की खरखर नाही. केबलवरचे आवरण सोलून किंवा जाळून आतले तांबे एव्हाना भंगाराच्या काट्यावर चढलेले असते.

मुंबईपासून लॉस एंजलिसपर्यंत पोलिसांना हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याच्या भावाने टनामागे ११ हजार डॉलरची पातळी ओलांडली. भाव वाढला की चोरांची नजर वळणारच. लॉस एंजलिसमध्ये जुलै २०२२ मध्ये मोठ्या थाटामाटात खुल्या झालेल्या सिक्स्थ स्ट्रीट पुलावरील दिव्यांची सुमारे ११ किलोमीटर तार चोरांनी कापून नेली आणि तो देखणा पूल अंधारात बुडाला. दूरध्वनीच्या तारांचीही तीच गत आहे. दुरुस्तीचा खर्च वाढतो, ग्राहक कमी होतात आणि तांब्याच्या जागी पुन्हा तांबे टाकणे कंपन्यांना परवडेनासे होते. लँडलाइन आता किती दिवसांची सोबती, हा प्रश्न म्हणूनच विचारला जात आहे.

ज्या माणसाच्या शोधामुळे ही तार घराघरांत पोचली, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे चरित्र या निमित्ताने पुन्हा चाळण्यासारखे आहे. दूरध्वनीचे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकातून भेटलेल्या या माणसाचा जीव तारेत कधीच अडकलेला नव्हता. त्यांचे सारे आयुष्य ऐकू न येणाऱ्या माणसांच्या सहवासात गेले. आवाज एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचावा कसा, हा त्यांचा ध्यास होता. तार हे त्याचे एक साधन, इतकेच.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही वाणीशास्त्राचे शिक्षक. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी जीभ, ओठ, घसा यांच्या हालचाली चिन्हांनी दाखविणारी 'व्हिजिबल स्पीच' नावाची लिपी तयार केली होती. आई एलायझा यांना ऐकू येणे हळूहळू कमी होत गेले. इतर लोक त्यांच्याशी कानाला लावलेल्या नळीतून मोठ्याने बोलत. छोटा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खोल आवाजात बोलायचा आणि त्याची कंपने आईपर्यंत पोचत. आवाज म्हणजे केवळ कानाने ऐकण्याची गोष्ट नाही, ती एक थरथर आहे, हा धडा त्याला घरातच मिळाला होता.

त्या घरावर क्षयाने घाला घातला. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये गेला, थोरला मेलव्हिल १८७० मध्ये. उरलेल्या एकुलत्या एका मुलाची प्रकृतीही नाजूक होती. आईवडिलांनी त्याच वर्षी गाशा गुंडाळला आणि कुटुंब कॅनडातील ब्रँटफर्ड गावाजवळ येऊन स्थायिक झाले. मोकळ्या हवेत बेल यांची तब्येत सुधारली आणि १८७१ मध्ये ते बॉस्टनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. दोन वर्षांत बॉस्टन विद्यापीठात ते वाणीशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत मेबल हबर्ड ही तरुणी होती. पाचव्या वर्षी स्कार्लेट ज्वराने तिची श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. ओठांच्या हालचालींवरून ती समोरच्याचे बोलणे ओळखत असे. पुढे हीच मेबल त्यांची सहधर्मचारिणी झाली.

दिवसा शिकवणे आणि रात्री प्रयोग असा बेल यांचा दिनक्रम होता. त्या काळी तारायंत्राच्या एका तारेवरून एका वेळी मोजकेच संदेश जात. निरनिराळ्या पट्टीचे सूर वापरून एकाच तारेवरून अनेक संदेश पाठविता आले तर तारेची बचत होईल, अशी कल्पना होती. मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड आणि दुसऱ्या एका कर्णबधिर विद्यार्थ्याचे वडील थॉमस सँडर्स यांनी त्यासाठी पैसा पुरविला. बेल यांचे मन मात्र त्याही पुढे धावत होते. १८७४ च्या उन्हाळ्यात ब्रँटफर्डला त्यांनी एका मृत माणसाचा कान मिळवून त्यावर प्रयोग केले. कानाचा पातळ पडदा बोलण्याने थरथरतो आणि आतल्या हाडांना हलवितो. असाच एखादा पडदा वीजप्रवाहाला का हलविणार नाही, असे त्यांच्या मनात आले.

बेल यांना विजेचे ज्ञान बेताचे होते आणि हातात कारागिरी नव्हती. ती उणीव थॉमस वॉटसन या तरुण यंत्रकारागिराने भरून काढली. २ जून १८७५ रोजी दुसऱ्या खोलीत वॉटसन यांनी अडकलेली एक पट्टी बोटाने छेडली आणि तिचा झंकार बेल यांना तारेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या वतीने पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि नेमके त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकाचाही दावा त्याच कार्यालयात पोचला. ७ मार्चला बेल यांना १,७४,४६५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० मार्चला, बॉस्टनमधील भाड्याच्या खोल्यांत त्यांनी यंत्रातून वॉटसन यांना बोलावले आणि वॉटसन दुसऱ्या खोलीतून धावत आले. त्या दिवशीच्या यंत्रात आम्लमिश्रित पाणी वापरले होते आणि ग्रे यांच्या दाव्यातही तशीच कल्पना होती. शोधाचे श्रेय नेमके कोणाचे, हा वाद म्हणूनच पूर्णपणे कधी मिटला नाही. इटलीहून आलेल्या अँटोनिओ मेउच्ची यांनी १८७१ मध्येच अशा यंत्राची नोंद केली होती. २००२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्यांच्या कार्याचा गौरव केला.

शोध लागला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची अशी तारही नव्हती. ऑगस्ट १८७६ मध्ये ब्रँटफर्डच्या घरापर्यंत आवाज नेण्यासाठी बेल यांनी धुराड्याचे पाइप बांधण्याची साधी तार दुकानातून आणून कुंपणांवर ठोकली. ब्रँटफर्ड ते पॅरिस या कॅनडातीलच दुसऱ्या गावापर्यंत, सुमारे १३ किलोमीटर, त्यांनी आवाज पोचविला तोही तारायंत्राच्या उसन्या तारांवरून. ९ जुलै १८७७ रोजी बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली आणि दोनच दिवसांनी बेल व मेबल यांचा विवाह झाला. आपल्या वाट्याचे दहा शेअर सोडून बाकी सर्व शेअर बेल यांनी लग्नाची भेट म्हणून पत्नीच्या नावे करून दिले. जगातील पहिल्या टेलिफोन कंपनीतील एवढी मोठी भागीदारी अशा स्त्रीकडे गेली, जिला टेलिफोनवर एक शब्दही ऐकू येणार नव्हता!

सुरुवातीच्या ओळी लोखंडी तारेच्या होत्या आणि तीही एकच. वीज परत येण्यासाठी जमिनीचा उपयोग केला जाई. शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्या तशी या ओळींवर खरखर वाढली. शेजारच्या ओळीवरचे बोलणेही मध्येच ऐकू येई. त्यावरचा उपाय बेल यांनीच सुचविला. जमिनीऐवजी परतीसाठी दुसरी तार घ्यायची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळायच्या. बाहेरचा अडथळा दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि आपोआप रद्द होतो. या युक्तीचे पेटंट त्यांना जुलै १८८१ मध्ये मिळाले. थॉमस डूलिटल यांनी तांब्याची तार ओढून कणखर करण्याची रीत १८७७ मध्ये शोधली होती. मऊ तांबे आता खांबांवर ताणले तरी तुटेना. १८८४ मध्ये बॉस्टन-न्यूयॉर्क मार्गावर अशा तारेची चाचणी झाली आणि लोखंडाचे दिवस भरले. आज चोर जमिनीतून उपटून नेतात ती हीच पिळलेल्या तारांची जोडी. प्रत्येक ग्राहकामागे एक जोडी, अशा शेकडो जोड्या एका केबलमध्ये असतात. केबल तुटली की जोड्या एकेक करून पुन्हा जुळवाव्या लागतात. चोराला काही मिनिटे लागतात, दुरुस्ती करणाऱ्यांना अनेक दिवस.

या जोडीचा आणखी एक गुण आहे आणि तो आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तांब्याच्या तारेतून केवळ आवाज येत नाही, वीजही येते. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्टची वीज घरातल्या फोनपर्यंत पोचत असते. म्हणूनच वादळात वस्तीचे दिवे गेले तरी जुना लँडलाइन फोन चालू राहत असे. पूर, भूकंप, आग अशा प्रसंगी मदत मागण्याचे ते भरवशाचे साधन होते.

टेलिफोन भारतात यायला फार काळ लागला नाही. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे २१ ग्राहकांचे व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले आणि बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथील केंद्रांचे उद्घाटन झाले. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात फोन यायला मात्र पुढे अनेक दशके जावी लागली. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि तोवर शेजाऱ्यांचा नंबर 'पी.पी.' म्हणून द्यायचा, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. साऱ्या चाळीचे बारसे, लग्न आणि मयताचे निरोप त्या एका फोनवर येत.

बेल स्वतः मात्र टेलिफोनच्या धंद्यात रमले नाहीत. सुमारे सहाशे खटले त्यांच्या पेटंटभोवती लढले गेले. १८८८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. या साक्षी-पुराव्यांचा त्यांना उबग आला होता. १८८० मध्ये फ्रान्सने दिलेल्या व्होल्टा पारितोषिकाच्या ५० हजार फ्रँकमधून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उभारली. त्याच वर्षी चार्ल्स समनर टेंटर यांच्या साथीने त्यांनी फोटोफोन तयार केला. आवाजाने थरथरणाऱ्या पातळ आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करायचा. तो कमी-जास्त होत दूरच्या सेलेनियमच्या घटावर पडला की त्यातील विजेचा रोध बदलतो आणि कानाला लावलेल्या यंत्रातून बोलणे ऐकू येते. ३ जून १८८० रोजी फ्रँकलिन शाळेच्या छतावरून २१३ मीटर दूर असलेल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत आवाज पोचला. मधे तार नव्हती, होता तो केवळ प्रकाश! बेल यांना हा शोध टेलिफोनहूनही थोर वाटला आणि अखेरपर्यंत त्यांचे तेच मत राहिले. नवजात धाकट्या मुलीचे नाव फोटोफोन ठेवायला ते निघाले होते. मेबल यांनी त्यांची समजूत घातली आणि मुलीचे नाव मेरियन ठेवले गेले.

फोटोफोन मात्र चालला नाही. ढग आले, धुके पडले, मध्ये आडोसा आला की बोलणे थांबायचे. ते यंत्र संग्रहालयात गेले आणि जगाने तांब्याचा रस्ता धरला. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को या ओळीचे उद्घाटन झाले. न्यूयॉर्कला सदुसष्ट वर्षांचे बेल, दुसऱ्या टोकाला वॉटसन. बेल यांनी पुन्हा एकदा त्यांना बोलावले आणि या वेळी यायला आठवडा लागेल, असे वॉटसन यांनी हसत सांगितले. त्या ओळीसाठी सुमारे १ लाख ३० हजार खांब आणि २,५०० टन तांबे लागले होते. लँडलाइनच्या वैभवाचा तो दिवस होता.

घरात मात्र बेल यांनी दुःखे पाहिली. १८८१ आणि १८८३ मध्ये झालेले दोन्ही मुलगे जन्मतःच दगावले. पहिल्या बाळाला श्वास घेता आला नाही, म्हणून बेल यांनी छातीभोवती बसविण्याचे श्वासयंत्र बनविले. त्याच उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी त्यांनी धातुशोधक यंत्र घेऊन धाव घेतली होती, पण यश आले नाही. पुढे कॅनडातील बॅडेक येथे त्यांनी घर बांधले, पतंगांचे आणि विमानांचे प्रयोग केले. १९१९ मध्ये त्यांच्या जलनौकेने ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. आपल्या अभ्यासिकेत मात्र त्यांनी टेलिफोन ठेवला नाही. तो कामात व्यत्यय आणतो, अशी त्यांची तक्रार होती.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्णबधिरांनी बोलायलाच शिकावे, हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, असा त्यांचा आग्रह होता. कर्णबधिरांचे आपसातील विवाह वाढले तर बहिरेपणा असलेली मानवजात निर्माण होईल, अशी भीती त्यांनी १८८३ मध्ये मांडली. हेलन केलर यांना त्यांनी आयुष्यभर स्नेह दिला आणि केलर यांनी आपले आत्मचरित्र त्यांना अर्पण केले, हे खरे. पण पुढच्या काळात अनेक कर्णबधिरांनी बेल यांना आपल्या भाषेचा वैरी मानले, हेही तितकेच खरे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे बेल यांचे निधन झाले. ४ ऑगस्टला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. पाच महिन्यांनी मेबलही गेल्या.

त्या एका मिनिटाची शांतता आता कायमची होऊ पाहत आहे. ज्या तंत्रामुळे ती होत आहे, ते मात्र बेल यांच्या फोटोफोनच्याच कुळातले आहे. १९६० मध्ये लेसर आला. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल असे दाखविले, त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. १९७७ मध्ये शिकागोत काचतंतूवरून टेलिफोनचे संभाषण सुरू झाले. ढग आणि धुक्याची अडचण काचेने दूर केली. ब्रिटनने जुनी टेलिफोन सेवा बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरविली. बेल यांच्या कंपनीचा वारसा सांगणाऱ्या एटी अँड टीने २०२९ अखेरपर्यंत अमेरिकेतील बहुतांश भागातून तांब्याच्या तारा निवृत्त करण्याचा इरादा डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. भारतात तारेवरच्या जोडण्या २००६ च्या सुमारास पाच कोटींवर गेल्या होत्या. २०२० पर्यंत त्या दोन कोटींच्या आसपास आल्या. त्यानंतर संख्या पुन्हा वाढू लागली, ती मुख्यतः काचतंतूच्या बळावर. काचेला भंगाराच्या बाजारात किंमत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

मग तांब्याची तार गेली तर बिघडले कुठे? बिघडते ते शेवटच्या घरी. काचतंतूतून वीज येत नाही. घरातले यंत्र विजेवर चालते आणि दिवे गेले, बॅटरी संपली की फोनही मुका होतो. एकटे राहणारे वृद्ध, मोबाईलचा सिग्नल न पोचणारी डोंगरातली वस्ती, लिफ्टमधली धोक्याची घंटा यांचा भार या जुन्या तारेवर होता. कॅलिफोर्नियात मागेल त्याला जोडणी देण्याच्या बंधनातून सुटका मिळावी, असा अर्ज एटी अँड टीने केला होता. जून २०२४ मध्ये तेथील नियामक आयोगाने तो फेटाळला. तार कोणती असावी, हे कंपनीने ठरवावे, पण माणूस तुटता कामा नये, हाच त्या निर्णयाचा अर्थ. चोरीनंतर केबल पुन्हा न टाकता लोकांना वाऱ्यावर सोडले, तर मात्र चोराने अर्धवट ठेवलेले काम पूर्ण केल्यासारखे होईल.

बेल यांना या तारेबद्दल हळहळ वाटली असती, असे नाही. आज काचतंतूतून धावणाऱ्या प्रकाशावर दोन कर्णबधिर माणसे पडद्यावर समोरासमोर येऊन हातांच्या खुणांनी तासन् तास बोलतात. ती भाषा बेल यांना मान्य नव्हती, पण प्रकाशाचा रस्ता त्यांनीच दाखविलेला होता. मेबल यांना पतीचा टेलिफोन आयुष्यभर ऐकू आला नाही. त्या आज असत्या, तर बॅडेकहून वॉशिंग्टनला असलेल्या पतीचे ओठ त्यांनी पडद्यावर वाचले असते.